डोंगलधर

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पालिकेच्या दप्तरी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ‘प्रोग्रामर’ हा शब्द माणसाला लावीत नाहीत. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला दहा पिना असलेल्या बोटभर सर्किटला लावतात, आणि त्यामुळे ‘आमचा बंड्या प्रोग्रामर आणायला गेलाय’ असे गिरगावातल्या चाळीत कोणी म्हटले की शेजारणी सून येणार असल्याच्या समजुतीने दारात येतात. हे सर्किट सदैव खिशात बाळगणाऱ्या इसमास येथे ‘डोंगलधर’ म्हटले आहे. त्याचा आढळ गिरगाव ते दादर असून त्याचे शिक्षण माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये, किंवा तेथील प्रवेश अर्ध्या टक्क्याने हुकल्याच्या दुःखात, झालेले असते.

वॉशिंग मशीन, लिफ्ट किंवा मखरातले पळते दिवे यांच्या पोटात मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकच काम नेमून दिलेला चिमुकला संगणक, बसवलेला असतो. लॅपटॉप यूएसबीखेरीज बोलत नाही आणि या चिपांपैकी पुष्कळांना यूएसबी कळत नाही, म्हणून मध्ये दुभाषी, म्हणजे असे सर्किट, लागतो. एव्हीआर जातीच्या चिपांसाठी थॉमस फिशल या जर्मन गृहस्थाने सर्वांना खुला करून दिलेला यूएसबीएएसपी, एसटीएम३२ साठी एसटी-लिंक, साध्या सिरियल संभाषणासाठी सीएच३४० किंवा एफटी२३२, असे हे दुभाषी एकमेकांच्या कामाला सहसा येत नाहीत, आणि या गैरसोयीवरच डोंगलधराची प्रतिष्ठा उभी आहे. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ते सारे वायरींसकट एकमेकांत गुंतून पडलेले असतात. तो डबा घासायला घेण्याची घरात कोणाची छाती नाही.

‘ओरिजिनल की कॉपी’ हा त्याच्या अभिमानाचा विषय होय. २०१४ साली एफटीडीआय या स्कॉटिश कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली एफटी२३२ चिपांचा ओळखक्रमांक शून्य करून त्या निकामी केल्या, हा प्रसंग तो पानिपताच्या सुरात सांगतो. त्याच्या स्वतःच्या डब्यातला माल मात्र झाडून कॉपी असतो.

डीबगिंग म्हणजे चालता प्रोग्राम मध्येच थांबवून त्याच्या पोटात काय शिजते आहे ते पाहणे. परंतु प्रोग्राम चुकला असेल ही शक्यताच डोंगलधराला मान्य नसल्यामुळे तो प्रथम वायरीवर संशय घेतो. चपट्या केबलची तांबडी कड पहिल्या पिनेकडे आहे ना हे तो मोबाइलच्या उजेडात पाहतो, टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) या वायरींची अदलाबदल करतो, जंपर पाच व्होल्टांवरून ३.३ वर आणतो, पिनेवर एक फुंकर मारतो, आणि शेवटी ग्राउंडची वायर जोडायचीच राहिली होती असे निघते. त्याचा संशय बहुधा खरा ठरतो, हे न्यायाने मान्य केले पाहिजे, मग ती वायर त्यानेच विसरलेली का असेना.

गणेशोत्सवात मात्र लालबाग-परळच्या मंडळांना त्याच्यावाचून गत्यंतर नसते, कारण चलचित्राच्या देखाव्यातला राक्षस ऐन गर्दीत हात वर करून थांबला की मोटर तपासणारे दहा जण पुढे येतात, चिप तपासणारा हा एकटाच. तो डबा उघडतो, नेमका हवा तोच अडॅप्टर घरी राहिला असल्याचे किंवा जळला असल्याचे गंभीरपणे जाहीर करतो आणि ‘उद्या सकाळी लॅमिंग्टनवरून आणतो’ असे आश्वासन देतो. हे हमखास शनिवारी रात्री घडते, आणि रविवारी लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकाने बंद असतात.