सांगाडे गुरुजी

सेंदुरवाफ्याकडून पहाटे पळत आलेलं पोरगं साकोलीत शिरलं, की पुलाच्या कठड्यावर बसलेले सांगाडे गुरुजी हात आडवा करतात.

"थांब बे! आता कोनता स्नायू चालून राहिला, सांग."

पोलीस भरतीला १६०० मीटर पळायचे असतात आणि तिथलं घड्याळ कुणासाठी थांबत नाही. पोरगं मात्र थांबतं. दहावीचं विज्ञान गुरुजींनीच शिकवलेलं असतं आणि तो आडवा हात गालाच्या चांगल्या ओळखीचा असतो.

आडनाव अर्थातच सांगाडे नाही. ते पोरांनी दिलेलं. गुरुजींना माणसाची आधी हाडं दिसतात, मग जमलंच तर माणूस. एका लग्नात नवरदेव मांडवात शिरत असताना त्यांनी मागून आवाज दिला होता, "पाऊल टाकताना डावा खुबा खाली पडून राहिला! म्हंजे उजव्या कुल्ल्यात दम नाही!" वधूपित्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

बरं, नुसत्या थापा असत्या तर गावानं त्यांना कधीच गुंडाळून ठेवलं असतं. पंचाईत अशी, की त्यांचं म्हणणं बहुधा बरोबर निघतं. एका पायावर भार आला की कमरेचं हाड दुसऱ्या बाजूला कलू न देणं, हे त्या कुल्ल्याच्याच स्नायूचं काम. पळून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरल्या, की पोरं जिममध्ये ऐकलेलं 'लॅक्टिक ॲसिड' पुढे करतात. गुरुजी भडकतात. "ते कालच निघून गेलं! हे तंतू दुखावले, बारीक बारीक. उतारावर स्वतःला आवरत उतरला असशील." पोरगा खरोखर उतारावरूनच आलेला असतो.

त्यांची खरी गाठ पडली ती रोवणीत. जुलैचा पाऊस, बांधीत बाया ओणव्या, आणि धुऱ्यावर छत्री धरून गुरुजी. कमरेत नका वाकू, खुब्यातून वाका, पाठ सरळ ठेवा, मणक्यांमधल्या गाद्यांवर ताण येतो, असं बराच वेळ चाललं. शेवटी एक म्हातारी मान वर न करता म्हणाली, "जमीन जराशी वर उचलून द्या गुरुजी, मंग पाठ सरळच ठेवतो आमी." पऱ्ह्यांची पेंढी सोडत बाकीच्या बाया खुदखुदल्या.

तीच म्हातारी संध्याकाळी त्यांच्या दारात. रात्री पोटरीत गोळे येतात. गुरुजींनी तिला टोंगळा सरळ करून पायाचा पंजा अंगाकडे ओढायला शिकवलं. अर्ध्या मिनिटाचा उपाय. पण स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही, म्हणून पुढचा आखडला की मागचा ताणतो, हे समजावल्याशिवाय ते तिला उठू देईनात. तिच्या घरी त्या दिवशी जेवणं उशिरा झाली. गोळा मात्र गेला, आणि ही बातमी फुटल्यापासून गुरुजींना आवरणं कुणाच्याच हाती राहिलेलं नाही.

दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं लागली, की गुरुजी तिकीट काढून पुढच्या रांगेत. गेल्या हिवाळ्यात वडशाच्या कंपनीचा रात्रभराचा प्रयोग होता. शेवटच्या अंकात खलनायकानं सुरा खुपसला. नायक काखेजवळची छाती धरून कोसळला, बाया पदर डोळ्यांना लावू लागल्या. गुरुजी उभे राहिले.

"अबे, हृदय मधात असते! इकडे घे थोडा!"

नायकानं पडल्या पडल्या हात चार बोटं आत सरकवला आणि मगच मेला.