दाढीचा नवस

नवस बोलताना माणूस उदार असतो, फेडताना त्याला हिशेब सुचतो. ‘पोरगं पास होऊ दे, पायी येईन’ म्हणायचं आणि निकाल लागला की ‘देव भावाचा भुकेला’ असं पुटपुटत एसटीचं तिकीट काढायचं, ही आपल्या घराघरातली तडजोड. जर्मनीत, बव्हेरियाच्या डोंगरात, ओबरामरगाऊ नावाचं सुमारे 5000 वस्तीचं गाव आहे. त्याला ही तडजोड काही साधली नाही. 1633 साली बोललेला नवस ते अजून फेडतंय. मुद्दल कधीच फिटलं असेल, हप्ते मात्र चालूच आहेत.

तेव्हा युरोपात तीस वर्षांचं युद्ध चालू होतं आणि सैन्यामागोमाग प्लेग फिरत होता. गावाने वेशीवर पहारा बसवला. पण कथा अशी सांगतात, की कास्पार शिसलर नावाचा मजूर जवळच्या एशेनलोहे गावात कामाला होता. गावची जत्रा आली, त्याला राहवेना. पहारा चुकवून तो रात्री घरी आला आणि येताना प्लेग घेऊन आला. 2020 मध्ये ई-पाससाठी जिवाचा आटापिटा करून गणपतीला कोकण गाठणाऱ्या चाकरमान्याला या शिसलरचा फारसा राग येणार नाही.

माणसं पटापट मरू लागली तेव्हा उरलेल्या गावाने शब्द दिला: यातून वाचलो, तर दर दहा वर्षांनी प्रभू येशूच्या दुःखसहनाचं नाटक करू. त्यानंतर प्लेगने एकही जण दगावला नाही, अशी गावाची श्रद्धा. पहिला प्रयोग 1634 मध्ये, परंपरा सांगते त्याप्रमाणे प्लेगमध्ये गेलेल्यांच्या थडग्यांवर रंगमंच उभारून झाला. (फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ तेव्हा गोव्यात छापून 18 वर्षं झाली होती. म्हणजे हीच कथा मराठी ओवीत त्यांच्या आधी आली होती. नवस मात्र आपण बोललो नव्हतो, हे बरंच झालं.)

कारण नवस सोपा नाही. नाटक पाच तासांचं. मध्यंतर तीन तासांचं, त्यात निवांत जेवण. पंधरा मिनिटांत बटाटेवडा आणि चहा उरकून तिसऱ्या घंटेला खुर्ची गाठणाऱ्या मराठी नाट्यरसिकाला हे ऐकूनच घाम फुटावा. हंगाम मे ते ऑक्टोबर. काम फक्त गावात जन्मलेल्यांना किंवा 20 वर्षं तिथे राहिलेल्यांना. 2022 मध्ये सुमारे 1800 जण या ना त्या भूमिकेत होते. मुख्य भूमिकांना दोन-दोन नट असतात. 2022 च्या दोन येशूंपैकी एक, रोखुस र्‍युकेल, म्युनिकमध्ये विमान आणि अवकाशयानांचं शास्त्र शिकत होता. स्वर्गारोहणाची इतकी जय्यत तयारी याआधी कोणी केली नसेल.

आणि दाढी! टोप, खोटी दाढी काही चालत नाही. म्हणून प्रयोगाच्या आदल्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, गावात जाहीर फर्मान निघतं: आजपासून केस कापायचे नाहीत, पुरुषांनी दाढीही करायची नाही. बायकांना आणि पोरांनाही केसांचा नियम लागू. मग वर्षभर दुकानातला गल्ल्यावरचा माणूस, शाळेतला मास्तर, सुतार, सगळे हळूहळू प्रेषितांसारखे दिसू लागतात. सूट फक्त रोमनांना. ज्याच्या नोकरीत झिपऱ्या चालत नाहीत, त्याने रोमन सुभेदार पिलाताच्या शिपायांत भरती व्हावं, अशी ही सोय.

2020 च्या प्रयोगासाठी वाढवलेल्या दाढ्या मार्चमध्ये उतरल्या. प्लेगच्या नवसाचं नाटक कोरोनाच्या साथीमुळेच पुढे, 2022 वर ढकललं गेलं! नवं फर्मान निघालं 17 फेब्रुवारी 2021 ला. तेव्हा टाळेबंदीमुळे देशभरातली सगळी केशकर्तनालयं डिसेंबरपासून बंद होती. म्हणजे बर्लिनपासून हॅम्बुर्गपर्यंत अख्खा देश नकळत ओबरामरगाऊचा नवस पाळत होता.

गंमत अशी, की याच 2022 साली जर्मनीत 5 लाखांहून अधिक माणसांनी कॅथलिक चर्च सोडलं. तिथे चर्चचा कर सरकार आयकराबरोबरच कापून घेतं. तो थांबवायचा, तर कचेरीत जाऊन सही ठोकावी लागते, बहुतेक ठिकाणी वर फीसुद्धा. देवाच्या घरातून बाहेर पडायलाही खिडकी आणि पावती. अशा देशात एक गाव आपली कृतज्ञता हनुवटीवर वागवत दूध आणायला जातं, हे दृश्य कुठल्याही प्रवचनापेक्षा बोलकं आहे.

गाव संतांचं आहे असं मात्र कोणी समजू नये. भांडणं भरपूर. लग्न झालेल्या किंवा पस्तिशी ओलांडलेल्या बाईला रंगमंच बंद होता. गावातल्या बायका कोर्टात गेल्या आणि 1990 मध्ये जिंकल्या. त्याच वर्षापासून दिग्दर्शक असलेले ख्रिस्टियान श्ट्युकल हे मूळचे लाकूडकाम शिकलेले. त्यांच्या वाट्याला जुनं गाठाळ लाकूड आलं. ज्यूंना खलनायक करणारी संहिता पिढ्यान्‌पिढ्या चालली होती, आणि 1934 च्या विशेष प्रयोगाला खुद्द हिटलर येऊन बसला होता. श्ट्युकलांनी ती संहिता तासायला घेतली. आता रंगमंचावरचा येशू हिब्रूत प्रार्थना करतो, आणि 2022 मध्ये येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या भूमिकेत मुसलमान घरातला जेंगिझ ग्योर्‍युर होता. नवस जुना, फेडणारी माणसं आजची.

यहूदाचं नशीब तसं पूर्वीपासून खोटं. 1871 मध्ये बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याने खासगी प्रयोग पाहिला, मुख्य नटांना जेवायला बोलावलं आणि प्रत्येकाला चांदीचा चमचा दिला. यहूदाच्या नटाला मात्र कथलाचा, असं गावात अजून रंगवून सांगतात. बिचाऱ्याने अभिनय जरा जास्तच चांगला केला असावा.

पुढचा हप्ता 2030 ला. प्रथेप्रमाणे फर्मान निघायचा राखेचा बुधवार येतो 14 फेब्रुवारी 2029 ला, म्हणजे नेमका व्हॅलेंटाईनच्या दिवशी. त्या संध्याकाळी गावातला एखादा तरुण ताज्या गुळगुळीत गालांनी प्रेयसीला भेटेल. पुढच्या व्हॅलेंटाईनला तीच प्रेयसी थोमा, पेत्र आणि योहान यांच्या घोळक्यात आपला नेमका कोणता, ते शोधत उभी असेल.