मेथीवाली येते तेव्हा फोन करा

म्युनिक,
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

ती. दादा आणि ती. सौ. आईस,


कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत जेवढं जमेल तेवढं लिहिते. उरलेलं धुणं वाळत घातल्यावर.

दादा, नांदेडात सकाळचे सात म्हणजे जगात सगळीकडे सकाळचे सात, हे तुमचं मत जुनं आहे. पण हिवाळ्यात आम्ही साडेचार तास मागे असतो हो! गुरुवारी रात्री अडीचला फोन वाजला, तेव्हा मला वाटलं आत्याचंच काही. आणि तुम्ही म्हणता, "अगं, गेला बहुतेक. लवकर सुरूच होईना गेलाय." हे ताडकन उठून बसले, "कोण गेलं?" म्हणून. कॉम्प्युटर म्हटल्यावर परत आडवे झाले. त्यात तो तारीख 1 जानेवारी 2009 दाखवतो, म्हणजे आपण सगळे सोळा वर्षांनी लहान झालो, हे आईचं. आई, तुझे गुडघे काय म्हणतात त्यावर?

आता नीट ऐका. दुकानवाला म्हणतो व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. बाळूकाका म्हणतात नवाच घ्या. पिंट्या म्हणतो 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चे अपडेट बंद झाले, म्हणून मंद झाला. अरे, अपडेट बंद झाले म्हणजे राखणदार गेला, बैल कशाला लंगडेल? आणि बाळूकाका माळेगावच्या जत्रेत घोड्याचे दात मोजतात, कॉम्प्युटर घ्यायच्या वेळी मात्र नुसता रंग बघतात. तिघांचंही ऐकू नका.

दुखणी दोन आहेत. तारखेचं साधं. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर 2032, तीन व्होल्टचा. लाईट नसताना आतलं घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की लाईट गेली रे गेली, कॉम्प्युटर सगळं विसरतो. वजिराबादेत कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल, रविवारीसुद्धा.

रविवारीसुद्धा! हे लिहितानाच जीव जळतो. आमच्या कॉम्प्युटरचा हाच सेल मागच्या महिन्यात शनिवारी रात्री गेला. रविवारी दुकानं कडीकुलपात. म्हटलं, रिकाम्या वेळात पंख्यातली धूळ तरी काढावी, म्हणून ब्लोअर लावला. दोन मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या आजी दारात. रविवारी आवाज करायचा नाही. ड्रिल नाही, हातोडा नाही, व्हॅक्यूम नाही, रिकाम्या बाटल्या काचेसाठी ठेवलेल्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन वाजतात. नियमांचा कागद जिन्यात लावलाय, त्यावर त्यांनी बोट ठेवून दाखवलं. सोमवारी नवा सेल आणला, पण जुना केरात टाकायचा नाही, दुकानातल्या पेटीत नेऊन द्यायचा. ह्यांच्या खिशात तो आठ दिवस फिरत होता. आणि दुरुस्तीवाल्याला विचारलं, तर नुसतं झाकण उघडून काय बिघडलंय ते सांगायचे 60 युरो! सहा हजार रुपये. दुरुस्तीचे वेगळे. तेव्हापासून मीच डॉक्टर झाले.

(कुकर झाला. वरण जरा लागलं.)

आता मंदपणाचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायला लावलं, तेव्हा "डिस्कच्या खाली शंभर टक्के दिसायलंय" म्हणालात. काहीच उघडलेलं नसताना शंभर म्हणजे हार्ड डिस्क धापा टाकतेय. आत चकत्या गरगर फिरतात. एखादी जागा खराब झाली की ती तेच तेच पुन्हा वाचत बसते, आणि तोवर सगळं खोळंबतं. फॉरमॅटने ते बरं होत नाही. म्हणून फोन कॅबिनेटला लावा म्हटलं. कट्, कट्, थांबून पुन्हा कट्. पहिल्या वेळीच कळलं मला.

तरी मी तीनदा ऐकवायला लावलं. एक कबूल करायचं राहिलं, दादा. त्या कट्-कटच्या मागे आई भाकरी थापत होती, रेडिओ लागलेला होता, आणि मेथीवाली गल्लीतून ओरडत चालली होती, तीच, त्याच चढ्या आवाजात. दुसऱ्यांदा आईने तिला थांबवलं. तिसऱ्यांदा पाच रुपयांवरून भांडण झालं. तुम्ही बिचारे वाकून फोन धरून उभे, "आता येयलंय का ऐकू?" म्हणत. मी म्हटलं, नाही, जरा जवळ धरा.

तर आधी फोटो आणि सातबाराचे कागद बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. आजच. तोवर उगीच चालू-बंद करू नका. मग 256 जीबीची एसएसडी बसवून घ्या, त्यात फिरणारं काहीच नसतं. रॅम 4 जीबीच आहे, ती 8 करा. पंख्यावरची धूळ ब्रशने झाडा, पण प्लग काढून. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेला माणूस हे सहज करील.

येसर आणि कारळाची चटणी पोचली. हे म्हणतात लातूरच्या येसराला तोड नाही, आणि तिसऱ्यांदा आमटी वाढून घेतात. दादा, जावयाला ती पाण्याची रेल्वे अजून किती वर्षं ऐकवणार? मिरजेहून लातूरला पाणी आलं ते 2016 साली. ह्यांचं "काय करलालीस" ऐकून तुमची नात तसंच बोलते, आणि मी "काय करायलीस" म्हटलं तर चूक काढते. जाऊबाईंच्या लेकाच्या क्लासची फी ऐकून मात्र म्युनिक स्वस्त वाटलं. आत्याला म्हणावं, मुलाकडची माणसं हुंडा नको म्हणतात आणि गाडीचा रंग विचारतात, तर नकार कळवून टाक.

डिस्क बदलली की फोन करा. मेथीवाली आठला येते, तेव्हाच करा. इथे साडेतीन वाजलेले असतात. चालेल.

तुमची,
बबी