भरवशाचा फुगवटा

"स्वसंरक्षणासाठी भरवशाचं काय घ्यावं, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?" जमिनीच्या व्यवहारांत बरकत आलेल्या एका भाऊंनी आम्हांला विचारलं. आम्ही अभ्यास करून गेलो. म्हटलं, भाऊ, ९ एमएम विसरा, ते प्रतिबंधित बोअर. तुमच्या नशिबी .३२. त्यातही रिव्हॉल्व्हर बरं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर हजर. पिस्तूल अडकलं तर ऐन वेळी दोन्ही हातांनी खटपट करावी लागते.

भाऊ म्हणाले, "ते असू द्या. शर्टातून दिसतं कोणतं?"

दिसतंही रिव्हॉल्व्हरच. पिस्तूल चपटं, ते अंगालगत निमूट बसतं. रिव्हॉल्व्हरचं गोल चक्र मात्र कमरेवर फुगवटा आणतं. निवड झाली.

आता प्रश्न उरला शर्टाचा. शस्त्र नियम, २०१६ सांगतात की सार्वजनिक ठिकाणी हत्यार म्यानात असावं, परजू नये. भाऊ कायदा पाळणारे आहेत, ते परजत नाहीत. त्यांनी फक्त शिंप्याला शर्टाची उंची दोन इंच कमी करायला सांगितली. उभे असताना कायदा झाकलेला राहतो. नवरदेवाच्या हातात आहेराचं पाकीट द्यायला वाकले की उघडा पडतो. म्हणून भाऊ लग्नात फार वाकतात. ओळखीपाळखीच्या नसलेल्या म्हाताऱ्यांच्याही पाया पडतात. पंगतीत स्वतः जिलबी वाढतात, आणि तीही उजवी बाजू फोटोग्राफरकडे ठेवून. लोक म्हणतात, पैसा आला पण माणूस नम्र राहिला! निवडणुकीत परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात, तेव्हा ही नम्रताही जमा होते. विरोधक खरोखर खवळलेले असतात त्याच दिवसांत भाऊ कमरेला मोबाइलचं जाड पाकीट लावून ताठ फिरतात आणि त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं तीनऐवजी दोनच हत्यारं बाळगायची मुभा ठेवली, तेव्हा भाऊ हळहळले. माणसाच्या कमरेला बाजू दोनच असतात, हे आम्ही त्यांना समजावलं.

परवान्यासाठी जिवाला धोका दाखवावा लागतो. तोही रीतसर आला: भाच्यानं नवं सिमकार्ड घेऊन मामाला शिव्या दिल्या, आणि एका संध्याकाळी तक्रार, पोच, शिक्का, चहा सगळं उरकलं. दुसऱ्या पाळीवरून रात्री अकराला अंधाऱ्या गल्लीतून घरी जाणारी बाई त्याच चौकीत गेली होती. रोज मागे येणाऱ्या माणसाचा गाडी नंबरसुद्धा तिनं लिहून नेला होता. तिला सांगितलं, रस्ता बदला. अहो, रस्ता ती काय म्हणून बदलणार? गल्लीतला दिवा तुम्ही बदलत नाही, ठाण्यातली खुर्ची तिला देत नाही, साधी तक्रार लिहून घ्यायला तुमचं पेन चालत नाही, आणि भाच्याच्या शिव्या मात्र सुवाच्य अक्षरात चार पानं! धोका कुणाला आहे हे गाडीच्या किमतीवरून ठरवायचं असेल तर अर्जात तसा रकाना तरी ठेवा.

सरकारला आमची एकच सूचना आहे. परवान्यासोबत गुडघ्याखाली पोचणारा झब्बा सक्तीचा करा. निम्म्या अर्जदारांच्या जिवाचा धोका त्याच दिवशी टळेल.