गळ, गड आणि इंद्रायणी भात

मावळातली गोड्या पाण्याची मासेमारी मुख्यतः धरणांच्या काठी चालते. पवना, वलवण आणि ठोकळवाडी ही त्यांतली ठळक नावे. वलवण धरण टाटांनी विजेसाठी बांधले. एरवी इंद्रायणीतून भीमा-कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला जाणारे पाणी त्यामुळे खोपोलीला उतरून अरबी समुद्राची वाट धरते. पाण्याचाच जिथे असा दिशाबदल झाला, तिथे माशाने ठरल्या वेळी गळाला लागावे ही अपेक्षा फाजील होय.

इथला मानाचा मासा महाशीर. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या जातीची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्सने १८३९ साली केली. पुढे तो दुर्मीळ झाला, तेव्हा १९७०च्या दशकात टाटांनी लोणावळ्याला त्याची पैदास हाती घेतली. महाशीर मिळालाच तर फोटो काढून सोडून द्यावा, असा शिष्टाचार आहे. न मिळाल्यासही ‘सोडून दिला’ असेच सांगतात.

दुसरा मासा चिलापी, मूळचा आफ्रिकेतला. मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. हौशी मंडळींच्या हकिकती ऐकता मावळातल्या सगळ्या चिलापी बारमाही बाळंतिणी असाव्यात.

साहित्याचे दोन प्रकार आहेत. गावातल्या पोराकडे बांबूची काठी, नायलॉनचा दोरा आणि गांडुळांचा डबा असतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याकडे रॉड, रीळ, बारा खिशांचे जाकीट आणि घडीची खुर्ची असते. कणीक मळण्याचा सराव तेवढा नसतो. त्यामुळे आमिष पाण्यात विरघळते आणि गळ धुऊन निघतो. मासे पहाटे व सांजवेळी काठाशी येतात, उन्हात खोल जातात. पाहुणा मिसळ आटोपून नेमका भर उन्हात पोचतो. सोबतची मंडळी तेवढ्यात तिकोना गड चढून, उतरून, कांदाभजी खाऊनही येतात. ज्यांना दम कमी, ते लोहगडाकडे नुसते बोट दाखवतात.

पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला ओढ्यांत, भातखाचरांत शिरतात. तेव्हा कौशल्याची गरज उरत नाही. पण अंड्यांवरचा मासा धरला, की पुढच्या वर्षीचाही हिशेब त्याच दिवशी मिटतो.

मावळातल्याच वडगावची सर्वांत मोठी शिकार मात्र जानेवारी १७७९ची. मराठ्यांनी इंग्रज फौजेला घाट चढू दिला, तळेगावपर्यंत ढील दिली, रसद तोडली आणि माघारी फिरताच वडगावला घेरले. दोरा कधी सोडावा आणि कधी ओढावा, याचा याहून चांगला धडा मासेमारीच्या पुस्तकात सापडणार नाही.

धरणातली मासेमारी ठेक्याने वा परवानगीने चालते, म्हणून आधी चौकशी करावी. काठ निसरडा व गाळाचा असतो. पाण्यात उतरू नये. तुटलेला दोरा आणि बाटल्या परत न्याव्यात. मासा न मिळाल्यास खंत करू नये. वडगावच्याच भात संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ आमटीबरोबरही तितकाच चांगला लागतो.