पाणी कसलं घालता?

गाडीच्या ज्या भागाला कधीच कुणी हात लावून पाहत नाही, तो रेडिएटर. चाकांचं कौतुक होतं, रंगाचं होतं, हल्ली तर आतल्या टीव्हीचं होतं. हा बिचारा पुढच्या जाळीमागे उभं राहून वारा खातो आणि इंजिनाचा सगळा संताप गिळतो. घरात त्याचं नाव निघतं ते तो फुटल्यावरच.

आमची सात माणसांची डिझेल गाडी मानाने ज्येष्ठ आहे. नंबरप्लेटवर अजून एमएच-०४, म्हणजे ठाणे. ती घरी आली तेव्हा वसई-विरार महानगरपालिका व्हायची होती, ती झाली २००९ मध्ये. पालघर जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४चा. थोडक्यात, आमची गाडी आमच्या जिल्ह्याहून वडील. आमच्या बोळिंजमध्ये त्या वेळी माडांहून उंच काही शोधावं लागे. आता इमारतींच्या मधून माड शोधावा लागतो. आरटीओला मात्र ज्येष्ठतेचं अप्रूप नाही. १५ वर्षं झाली की पासिंग नव्याने करून घ्या, एवढंच.

तर काटा लालकडे सरकला, बोनेटमधून वाफ आली आणि सोसायटीच्या गेटवर सल्लागार मंडळ जमलं. एक म्हणाले, "हळद टाका." हा उपाय थट्टेचा नाही. जुने ड्रायव्हर गळक्या रेडिएटरमध्ये खरोखर हळदीची पूड टाकत; ती बारीक भोकात जाऊन बसते आणि गाडी घरापर्यंत येते. पण ते झालं भोकाचं. इथे वरच्या टाकीला चांगली बोटभर चीर गेली होती. तिला हळद लावली असती तर नुसता समारंभ झाला असता.

पूर्वीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे. गळला की कारागीर तो झाळून द्यायचा आणि आणखी काही वर्षं निघायची. आताची मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही टोकांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. रोज तापायचं, रोज निवायचं, वर झाकणामुळे आत दाब. त्या दाबामुळेच पाणी शंभराच्या पुढेही उकळत नाही, म्हणून तर गरम गाडीचं झाकण उघडायचं नसतं. अशी वर्षं काढल्यावर प्लॅस्टिक कडक होतं आणि एक दिवस तडकतं. त्याला झाळता येत नाही. बदलायचा.

आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या मेकॅनिकने होज पाइपांच्या क्लिपा सैल केल्या, पंख्याचं आवरण बाजूला घेतलं आणि रेडिएटर उचलून फरशीवर आडवा ठेवला. चिरेच्या कडेने पांढऱ्या क्षाराची रेघ उमटली होती. त्याने टाकी हलक्या हाताने आपटली, तसा आतून तांबूस गाळ आणि चुन्यासारख्या खपल्या पडल्या. त्या बोटाने चुरत त्याने विचारलं, "काका, पाणी कसलं घालता? बोअरचं ना?"

प्रश्न गाडीचा होता, पण बोळिंजमध्ये तो कुणालाही विचारावा असा आहे. समुद्र जवळ, त्यामुळे इथे पाण्याची पहिली चौकशी गोडं की खारं हीच. एके काळी उत्तर वाडीतच असायचं. केळी आणि पानवेलींच्या मधोमध बावखल असे. पावसाचं गोडं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, खाऱ्याला मागे रेटायचं. बावखलावर रहाट चाले आणि वाडी शिंपली जाई. पुढे जागेला भाव आला, बरीच बावखलं भराव घालून बुजली आणि आपण जमिनीला भोकं पाडून खोलातलं पाणी उपसू लागलो. ते जिथे जातं तिथे क्षार सोडतं. गीझरमध्ये, नळाच्या तोटीवर, आमच्या रेडिएटरमध्येही.

गाडीला पाणी पाजायची परंपरा गाडीएवढीच जुनी. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली तीनचाकी घेऊन, त्याला न सांगता, दोन मुलांसह मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाल्या. शंभरेक किलोमीटरच्या त्या वाटेवर इंजिन थंड ठेवायला जागोजाग पाणी भरावं लागलं. आपल्याकडेही खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडून गाड्या उभ्या असायच्या आणि ड्रायव्हर डबा घेऊन झरा शोधायचा. त्या पाण्याचा टीडीएस कुणी काढला नाही.

नवा रेडिएटर बसला. मेकॅनिकने निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर ओतलं, इंजिन चालू ठेवून अडकलेली हवा काढली आणि ताकीद दिली, "आता हिला नळाचं पाणी दाखवूसुद्धा नका. बाटलीचंच." बायको बिल वाचत होती. म्हणाली, "गाडीचे लाड बघा!" तेवढ्यात तिच्या फोनवर निरोप आला, की आमचा पिण्याच्या पाण्याचा जार वॉचमनकडे ठेवलाय. लाडांचा विषय तिथेच मिटला.