बेटाचा बेत

‘बेट’ आणि ‘बेत’ या शब्दांत एका अक्षराचा फरक आहे. तो फरक न मानणारा एक तरी माणूस प्रत्येक मराठी गोतावळ्यात असतो. त्याला मी बेतकरी म्हणतो. शेतकरी शेत करतो, हा बेत करतो. दोघांचंही पीक शेवटी हवामानाच्या हातात, एवढं साम्य पुरे. एरवी तो बँकेत, पाटबंधारे खात्यात किंवा एखाद्या कारखान्याच्या खरेदी विभागात सभ्यपणे नोकरी करत असतो. पण दिवाळीनंतर कुठेतरी जाऊ या, असं कोणी जूनमध्ये सहज बोललं की त्याच्या चेहऱ्यावर तेज चढतं. इतर लोक ‘बघू या’ म्हणतात; तो ‘बघून ठेवलंय’ म्हणतो. सहल नीट पार पडावी म्हणून हा माणूस इतका खपतो, असा त्याच्याबद्दल सर्वसाधारण समज आहे. मला तो चुकीचा वाटतो. बेत हीच त्याची सहल असते. नंतर प्रत्यक्ष जे जाणं होतं, ती बेताला जोडलेली पुरवणी. हे पटवायला युरोपची पंधरा दिवसांची वारी उपयोगाची नाही. तिथे व्हिसा, विमान, आगगाड्या, शाकाहारी जेवण या सगळ्यांत आखणीवाचून कोणाचंच चालत नाही, त्यामुळे खरा बेतकरी आणि नाइलाजाने झालेला बेतकरी यांत फरक करता येत नाही. त्यासाठी अशी जागा हवी, जिथे आखण्यासारखं जवळजवळ काही नाहीच. म्हणजे एखादं चिमुकलं बेट, आणि तिथे तब्बल एक आठवडा.

अंदमानातलं नील बेट घ्या. २०१८च्या डिसेंबरपासून त्याचं सरकारी नाव शहीद द्वीप आहे, पण बोटीवर आणि बाजारात अजून नीलच चालतं. क्षेत्रफळ चौदा चौरस किलोमीटरच्या आसपास, लोकवस्ती तीन हजारांच्या घरात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना इथे वसवलं, त्यांनी शेती केली, आणि पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाणारी बरीचशी भाजी आजही इथे पिकते. गावांची नावं रामायणातली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. (शत्रुघ्नपूर का नाही, हा प्रश्न बेतकऱ्याला पहिल्याच रात्री पडतो आणि तो नकाशावर अर्धा तास शोधतो.) सूर्योदय सीतापूरला, सूर्यास्त लक्ष्मणपूरला, धक्क्याजवळच्या भरतपूरला पोहणं आणि काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघणं, आणि लक्ष्मणपूरच्याच दुसऱ्या अंगाला खडकाची नैसर्गिक कमान, जिला तिथले बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात. झालं. संपलं बेट. आता साधा हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले, उरले ११२. नाश्ता, जेवणं, चहा यांना दिवसाचे तीन तास, म्हणजे २१, उरले ९१. वर सांगितलेल्या सगळ्या जागा चवीने बघितल्या तरी दहा-अकरा तासांत आटोपतात. म्हणजे ऐंशी तास संपूर्ण मोकळे. सुट्टी सुट्टी म्हणतात ती हीच. तुम्हाआम्हाला हा आकडा वाचून बरं वाटतं. बेतकऱ्याच्या पोटात मात्र गोळा येतो.

त्या गोळ्यातूनच एक्सेलची फाइल जन्माला येते. तिच्या पहिल्या पानावर प्रवास, दुसऱ्यावर खर्च, तिसऱ्यावर औषधं, चौथ्यावर पर्यायी बेत आणि पाचव्यावर पर्यायी बेताला पर्याय. पिवळे रकाने पैसे भरल्याचे, लाल रकाने मेहुण्यांनी अजून पैसे न भरल्याचे. सप्टेंबर २०२४मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं, तेव्हा अशा किती फायलींत त्याच रात्री दुरुस्ती झाली असेल कोण जाणे. पण या प्रकाराचा आत्मा बघायचा तर मंगळवारची ओळ जवळून वाचावी. ‘दु. ३.१० ते ३.५५ : निवांत (समुद्राकडे तोंड करून). ४.०० : चहा, बिस्किटे सोबत घेणे. ४.२० : सूर्यास्तासाठी प्रस्थान. ५.०८ : सूर्यास्त. ५.१५ : परत.’ बुधवारी सकाळच्या रकान्यात नुसतं ‘उत्स्फूर्त’ असं लिहिलेलं असतं, आणि पुढे कंसात ‘आदल्या रात्री कळवावे’. हा विनोद म्हणून लिहिलेला नसतो. पंचेचाळीस मिनिटं निवांत बसायची नोंद करणाऱ्याला निवांतपणा नको असतो असं नाही. तो हिशेबात धरलेला नसला तर त्याला तो चोरीचा वाटतो. बेतकरीण याच जातीची, फक्त तिची फाइल कापडाची असते: सात दिवसांच्या सात पिशव्या, प्रत्येकीवर वाराची चिठ्ठी, आणि चिवडा माणशी किती मुठी हे निघण्यापूर्वीच ठरलेलं. शनिवारची पिशवी गुरुवारी उघडली तर त्या घरात काय होतं, ते इथे सांगण्याजोगं नाही.

आता गंमत अशी की लहान बेटावर वेळापत्रक असतंच. ते फक्त माणसाच्या हातात नसतं. पहिलं वेळापत्रक सूर्याचं. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली, आणि अंदमान त्र्याण्णव अंशांच्या जवळ. त्यामुळे डिसेंबरात तिथे सव्वापाचच्या आत सूर्य बुडालेला असतो, मुंबईच्या जवळजवळ तासभर आधी. हे बेतकऱ्याला ठाऊक असतं आणि ते ठाऊक असल्याचा त्याला अभिमानही असतो. त्याची फसगत दुसऱ्या वेळापत्रकात होते, ते समुद्राचं. ती खडकाची कमान ओहोटीलाच गाठता येते. ओहोटीची वेळ दर दिवशी साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे सात दिवसांत ती जवळपास सहा तास सरकते. आणि भरती-ओहोटीतलं अंतरही सहा तासांचंच. सोमवारी ज्या घटकेला खडक कोरडे असतात, पुढच्या सोमवारी त्याच घटकेला तिथे कमरेएवढं पाणी. एक आठवडा ही मुदत जणू समुद्राने बेतकऱ्याची खोड मोडायलाच निवडलेली आहे. आपल्या कोकणात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. बेतकरी हे गणित आजोळहून सोबत नेतो, अंदमानच्या समुद्राला लावतो आणि तोंडघशी पडतो, कारण ते गणित आपल्या किनाऱ्याचं आहे. तिथल्या किनाऱ्यावरच्या शहाळेवाल्याला विचारलं असतं तर त्याने पाण्याकडे न बघताच वेळ सांगितली असती. पण विचारणं म्हणजे फाइल अपुरी असल्याची कबुली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो खोटाही नाही. आधी ठरवलं नाही तर बोटीचं तिकीट मिळत नाही, दिवाळी-नाताळात खोली मिळत नाही, आणि चौदा माणसं धक्क्यावर बॅगांवर बसून राहतात. अगदी मान्य. पण या सगळ्याला किती काम पडतं? विमान, दोन बोटी, एक मुक्काम. दोन संध्याकाळी पुरे. उरलेले पाच महिने कशात जातात, हा माझा प्रश्न आहे. आवश्यक तेवढ्यावर भागलं असतं तर काम उरकल्यावर बेतकऱ्याला हायसं वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात आरक्षण लवकर उरकलं की तो खट्टू होतो. रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. सामान्य प्रवाशाला ही सोय वाटली, कारण चार महिने आधी कोणाला काय माहीत असतं? बेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र आयुष्यातले साठ दिवस कापले गेले. सकाळी आठच्या ठोक्याला बोट तयार ठेवून बसण्याचा सराव ज्याने वर्षानुवर्षं केला, त्याला गाडीपेक्षा तो ठोकाच प्रिय झालेला असतो.

आणि यात तो एकटा नाही. नेदरलँड्समध्ये १,५३० प्रौढांची पाहणी करून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी आढळले, पण कधी? जाण्याआधी. परत आल्यानंतर दोघांत बहुतेक फरक उरला नव्हता. अतिशय आरामात सुट्टी घालवलेले तेवढे काही आठवडे पुढे होते. मला हा अभ्यास बेतकऱ्याच्या बाजूचा पुरावा वाटतो. आनंद आधीच मिळायचा असेल तर पाच महिने आधीपासून तो घेणारा माणूस वेडा कसा? सात दिवसांच्या भाड्यात दीडशे दिवस फिरून येणाऱ्याला आपण काटकसरी म्हणायला हवं. फक्त हा आनंद तो बरोबरच्या तेरा जणांना घेऊ देत नाही, ही खरी तक्रार. त्यांना आधीचे पाच महिने फक्त सूचना मिळतात आणि नंतरचे सात दिवस फक्त वेळा.

दुसरा आक्षेप घरातल्या बायकांकडून येतो आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. त्या म्हणतात, करू दे त्याला. मोकळा वेळ ठेवला तर काय होतं ते माहीत आहे ना? हे बोलणं अनुभवाचं आहे. मराठी कुटुंब समुद्राकडे तोंड करून विनाकार्यक्रम बसलं, की पहिल्या चहाला हवा छान आहे असं ठरतं, दुसऱ्या चहाला आपल्या रत्नागिरीची हवा याहून छान आहे असं ठरतं, आणि तिसऱ्या चहाला गावच्या घराच्या वाटणीचा विषय निघतो. तेव्हा ३.१० ते ३.५५च्या पुढे लगेच ४.०० असणं ही एक प्रकारची जमावबंदी आहे. शांतता टिकवण्यासाठी लागते. हा मुद्दा मी निम्मा मान्य करतो. निम्मा अशासाठी की वाटणीचा विषय टळत नाही. तो बोटीच्या रांगेत निघतो, उभ्याने, आणि उभ्याने भांडलेलं लवकर मिटत नाही.

याच्या उलट टोकाला एक जात आहे. ती बेतकऱ्याला नाक मुरडते आणि ‘पाठीवर पिशवी टाकली आणि निघालो’ असं सांगते. तिच्या बाजूने बोलायची माझी तयारी नाही. हे लोक निघतात खरे, पण मुक्कामी पोचल्यावर खोली कोणाची वापरतात? बेतकऱ्याने आरक्षित केलेलीच. शिवाय बेत न करणं ही आपली परंपराही नव्हे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत गेले ते भटकायला नव्हे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, असा रोखठोक बेत करून गेले होते. वाटेत बंड उभं राहिलं, ते झाशीत अडकले, आणि मिळालेलं पुष्कळसं धन लुटलं गेलं. बेत पार फसला म्हणून ‘माझा प्रवास’ हे पुस्तक झालं, हे खरं. पण आपल्या काकांच्या सहलीचं पुस्तक व्हावं अशी इच्छा कोणताही पुतण्या मनापासून करणार नाही.

तेव्हा बेतकऱ्याला सुधारायला जाऊ नये, असं माझं मत झालं आहे. बेटावर तो कसा असतो हे एकदा पाहिलं तरी पुरे. चौथ्या दिवशी वारा उठतो, बोट रद्द होते, फाइलचे पाचही कागद निकामी ठरतात आणि सगळी मंडळी पाण्यात पाय सोडून निवांत बसतात. त्या वेळी तो एकटाच नारळाच्या बुंध्याला टेकून फोनवर काहीतरी वाचत असतो. तो उदास आहे असं वाटून कोणी शहाळं नेऊन देतं. पण तो उदास नसतो. त्याच्या हाती लक्षद्वीप लागलेलं असतं: छत्तीस बेटं, त्यांतल्या दहांवर वस्ती, जहाज कोचीहून, आणि आपल्याच देशात असूनही आत जायला परवाना. हा शेवटचा शब्द वाचताना त्याचा चेहरा असा उजळतो की सूर्यास्त बघायला आलेल्यांनी इकडे वळून बघावं. परवाना म्हणजे अर्ज. अर्ज म्हणजे चौदा जणांचे फोटो, चौदा प्रती आणि मेहुण्यांच्या मागे लागायला नवं कारण. तुमच्या घरात असा कोणी असेल तर त्याला तो अर्ज भरू द्या, आणि फोटो वेळेत द्या. त्याने निवडलेलं लक्षद्वीपातलं मिनिकॉय बेट पाच चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही.